अकरा फायली, तीन डबे टाचण्या

मोफत कायदा मदत केंद्रात शिरलं की पहिलं टेबल टाचणीबाईचं. वकीलबाई आतल्या खोलीत बसतात. पण तिथवर पोचायचं तर आधी या टेबलावर पिशवी उलटी करायची. लोक पिशवीच घेऊन येतात. नोटीस, विजेचं बिल, दवाखान्याची चिठ्ठी, मुलीचं प्रगतिपुस्तक, सगळ्याची खिचडी. टाचणीबाई एकेक कागद तळहाताने सपाट करते.

"रडणं नंतर. आधी तारीख सांगा. घरमालक कधी आला होता?"

तारखेप्रमाणे कागद लागले की न्यायाधीशांनी बघायलाच हवा तो सगळ्यात वर. कोपऱ्यात पुठ्ठ्याचा चौकोनी तुकडा आणि त्यातून तिरपी टाचणी. पुठ्ठा अशासाठी, की दहा हातांतून जाऊनही कागद फाटू नये. "हे असंच द्यायचं. विचारलं तेवढंच बोलायचं. ते वाचत असताना मधे तोंड घालायचं नाही."

ही अक्कल तिला फुकट मिळालेली नाही. एकोणीस वर्षांपूर्वी ती एका शाळेत झाडलोट करायची, आणि तिच्या खोलीचा खटला उभा राहिला. तेव्हा हे केंद्र नव्हतं. वकील करायची ऐपत नव्हती. न्यायाधीशांनी विचारलं, भाड्याची पावती आहे का? होती. ती पिशवीतून एकेक कागद काढत राहिली, मागचे लोक हसले, आणि तिची पाळी संपली. पावती सापडली ती जिन्यात. खोली गेली ती गेलीच. गरिबाचा खरेपणा बहुतेक वेळा पिशवीच्या तळाशी असतो, आणि तिथवर हात जाईपर्यंत थांबायला कुणाला सवड नसते.

आता केंद्राचा नियम ऐका. उत्पन्नाचा दाखला जोडल्याशिवाय फाईल उघडायची नाही. दाखला मिळायला दहा दिवस, आणि खोली सोडायची नोटीस सात दिवसांची. ज्याने हे बसवलं त्याच्या दारावर कधी नोटीस चिकटली नसणार. टाचणीबाई दाखला नसलेल्याला हाकलत नसे. कागद लावून, टाचणी मारून, काय बोलायचं ते दोनदा म्हणून घेऊन समोरच्या कोर्टात पाठवायची. पुष्कळांचं तेवढ्यावर भागायचं. फाईल नाही, म्हणून नोंद नाही. काम झालं ना, मग नोंद कशाला, असं तिचं म्हणणं. इथेच ती चुकत होती.

केंद्र चालतं सरकारी अनुदानावर. त्या वर्षी चार केंद्रांतलं एक बंद करायचं ठरलं, आणि ज्याच्या फायली कमी त्याची मान पहिली. बंद झालं तर इथल्या लोकांनी दोन बस बदलून दुसऱ्या गावी जायचं. म्हणजे कुणी जायचं नाही.

अनुदान खात्याचा तपासनीस सकाळीच आला. सभ्य माणूस, चहासुद्धा नको म्हणाला.

"महिन्याला अकरा फायली," तो वही मिटत म्हणाला. मग सामानाची वही उघडली. बोट एका ओळीवर थांबलं. "आणि टाचण्यांचे तीन डबे? बाई, टाचण्या घरी नेता का?"

टाचणीबाईची कानशिलं तापली. "घरी नेऊन काय करू साहेब, भाजीत घालू?"

"मावशी," वकीलबाई हळूच म्हणाल्या.

"मावशी काय? चोर ठरवलं मला." तिने चष्मा केसांत खोचला. "चला साहेब. नुसता रस्ता ओलांडायचाय."

कोर्टातले शिरस्तेदार वीस वर्षं त्याच खुर्चीत. मागच्या मांडणीवर खटल्यांचे कागद उभे रचलेले.

"भाऊ, खोल्यांचे खटले दाखवा यांना. आतले कागद नकोत, नुसते कोपरे."

तपासनीस वाकला. पुठ्ठ्याचा चौकोन, तिरपी टाचणी. शेजारी कुणाचे कागद दोऱ्याने बांधलेले, कुणाचे मोकळे. पुन्हा पुठ्ठा. पुन्हा. एका मांडणीवर बेचाळीस भरले.

"हे त्या अकरांतले?"

"एकही नाही. त्यांचे वकीलबाईंच्या फायलीत असतात. यांच्याकडे दाखला नव्हता ना."

"आमचे साहेब टाचणी बघूनच कागद हातात घेतात," शिरस्तेदार म्हणाले. "यात शोधावं लागत नाही म्हणतात."

"निकाल बाजूने लागतो?"

"कधी लागतो, कधी नाही. पण ऐकून घेतात."

तपासनीस सरळ झाला. "मग लिहिलं का नाही कुठे?"

"लिहायला रकाना कुठंय? आणि लिहीत बसले असते तर हे कागद कुणी लावले असते?"

"बाई, केंद्र बंद झाल्यावर कोण लावणार होतं?"

रस्ता ओलांडताना, येणाऱ्या ट्रककडे बघत ती म्हणाली, "चुकलं माझं. पण मी चोर नाही."

"तो शब्द मी वापरला नाही."

"टाचण्या तर मोजल्यात."

केंद्रात येऊन त्याने कोरी वही मागितली, पट्टीने रेघा मारल्या आणि वर लिहिलं : दाखल्याविना आलेले. "आजपासून प्रत्येक माणूस इथे. नाव, काम, कुठे पाठवलं. एवढंच."

दीड महिन्याने पत्र आलं. केंद्र वर्षभर चालू राहील, नवी वही दर महिन्याला तपासली जाईल. खाली आणखी एक ओळ : काटकसर म्हणून टाचण्यांचा पुरवठा महिन्याला एक डबा.

वकीलबाई हसून हसून खुर्चीत कलंडल्या. "मावशी, आता काय?"

टाचणीबाईने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दाराला लावलं : सगळे कागद आणावेत. येताना एक टाचणीही आणावी.

दुपारी एक स्वयंपाकीणबाई आली. नोटिशीचे चारच दिवस उरलेले. पिशवी टेबलावर उलटी करता करता तिने पदराने डोळे टिपले. "टाचणी आणायची राहिली हो."

"असू दे, आहेत अजून. रडणं नंतर." टाचणीबाईचा हात सवयीने कागदांकडे गेला, थबकला आणि वहीकडे वळला. "तारीखही नंतर. आधी नाव सांगा."