चौदा नंबरचा प्रश्न

आमची बारकी कॅन्सरच्या हॉस्पिटलात कामाला आहे. डॉक्टर नाही आणि नर्सही नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण तिचा विषय निघाला की लोक लगेच रिपोर्टची पिशवी उघडून बसतात. ती संशोधनात आहे. पेशंटला पहिल्यांदा काय वेगळं वाटलं, त्याने ते कोणाला सांगितलं, डॉक्टरकडे कधी गेला, तिथून पुढे कुठे पाठवला, आणि आजाराचं नाव कागदावर यायला एकूण किती दिवस गेले, हे सगळं ती माणसांकडून काढून घेते. स्तनाचा, तोंडाचा, आतड्याचा, लघवीच्या पिशवीचा, सगळ्या कॅन्सरची माणसं तिच्यापाशी येऊन बसतात. मग त्यांच्या मोठ्या डॉक्टरीणबाई त्यावरून मांडतात की कोणत्या आजारात दिवस कुठे वाया जातात. पण बाईंना ते दिवस शोधून आणून देतं कोण? आमची बारकी.

मी तिचा मोठा भाऊ. शिक्षण नववीपर्यंत, तेही दोनदा. लोखंडी कपाटं रंगवायचं माझं वर्कशॉप आहे. इथल्या शाळा, बँका, लायब्ररी, कुठेही जा. ज्या कपाटाच्या दारात बघून माणसं केस नीट करतात ते कपाट माझ्या हातचं समजा. तर सांगायचं काय, घरात हुशारी आहेच. ती माझ्यात हातात उतरली आणि बारकीच्या कानात.

कानात म्हणजे कशी, ते सांगतो. सुरुवातीला ती हॉस्पिटलच्या खिडकीवर केसपेपर काढायची. तिची रांग सगळ्यात हळू सरकायची आणि सगळे तिच्यावर चिडायचे. एकदा डॉक्टरीणबाई स्वतः जाब विचारायला आल्या आणि मागे उभ्या राहून ऐकत राहिल्या. खिडकीपुढे एक शिवणकाम करणारी बाई होती. गाठ कधीपासून आहे, हे तिला तीन दिवस सगळे विचारत होते आणि ती सगळ्यांना "आत्ताच" म्हणत होती. बारकीला मात्र तिने सांगितलं की मुलीचा शाळेचा युनिफॉर्म शिवत होते तेव्हा हात लागला. म्हणजे आठ महिने झाले की. बाईंनी बारकीला विचारलं, हे तुला कसं सांगितलं तिने? बारकी म्हणाली, "मी तारीख नाही विचारली. तेव्हा तुम्ही काय करत होता, ते विचारलं."

महिनाभरात बाईंनी तिला खिडकीतून उचलून आपल्याकडे नेलं. नोकरी करत करत तिने पदवी घेतली. तिच्या खोलीतलं फायलींचं कपाट मी स्वतः रंगवून दिलंय, तीन कोट. आजही तिथे गेलात तर त्या दारात तोंड बघू शकता.

तिची कामाची पद्धत वेगळी आहे. ती पेशंटच्या समोर बसत नाही, खुर्ची ओढून बाजूला बसते. समोर बसलं की माणसाला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं, असं ती म्हणते. पहिली दहा मिनिटं पेन बाहेर काढत नाही. आणि त्यांच्या खोलीत भिंतीवर एक कागद चिकटवलाय, त्यावर एकच प्रश्न लिहून त्याच्यावर मोठी काट मारली आहे. "मग इतके दिवस गप्प का बसलात?" हा प्रश्न तिथे कोणी कोणाला विचारायचा नाही. हा विचारला की माणूस तोंडाला कुलूप लावतो आणि मग पुढचं सगळं खोटं सांगतो.

आता या संशोधनात माझा वाटा काय, ते ऐका. नवीन फॉर्म तयार झाला की तो पेशंटच्या आधी माझ्याकडे येतो. दर रविवारी बारकी जेवायला येते, तेव्हा पिशवीत फॉर्म असतोच. दादा जिथे अडकेल तिथे पेशंट अडकेल, असं तिने बाईंना सांगून ठेवलंय. "मूत्राच्या वर्णातील बदल" असं काहीतरी त्यांनी लिहिलं होतं, ते काढून "लघवीचा रंग बदलला का" हे मी करायला लावलं. असे माझे पंधरावीस शब्द तरी तिथल्या फॉर्मात आहेत.

फॉर्म भरायचा म्हणजे कोणीतरी पेशंट व्हावं लागतं. मग मी मनाने एकेक पेशंट बनवायचो. कधी पैलवान, कधी जज्ज, एकदा तर इंजिनड्रायव्हर झालो होतो. माझे पेशंट सगळे बाणेदार. सोमवारी दुखलं की मंगळवारी डॉक्टरकडे हजर. बारकी वाचून हसायची. म्हणायची, "दादा, तुझे पेशंट आजारी पडायच्या आधीच बरे होतात."

मागच्या वर्षी लघवीच्या पिशवीच्या कॅन्सरचा फॉर्म आला. त्या वेळी मी रिटायर झालेला शाळामास्तर झालो. वर्कशॉपमध्ये बसून भरला आणि रविवारी देऊन टाकला.

सोमवारी दुपारी मी तोंडाला फडकं बांधून कपाटाच्या दारावर स्प्रे मारत होतो. अर्धं दार झालं होतं. बारकी आत आली. कामाच्या वेळेत ती कधी येत नाही. तिने सरळ जाऊन कॉम्प्रेसरचं बटण बंद केलं. मी हातातली स्प्रे-गन खाली केली आणि तोंडावरचं फडकं सोडलं.

तिच्या हातात मास्तरांचा फॉर्म होता. चौदा नंबरचा प्रश्न होता की रंग कसा होता, आणि पुढे चौकोन होते, लाल, गुलाबी, तपकिरी. मी एकाही चौकोनात खूण केली नव्हती. शेजारी लिहिलं होतं, ते तिने मोठ्याने वाचलं.

"रेड ऑक्साईडचा ब्रश स्वच्छ थिनरमध्ये पहिल्यांदा फिरवला की होतो तसा."

रेड ऑक्साईड म्हणजे गंज धरू नये म्हणून पत्र्याला आम्ही आधी मारतो तो तांबडा रंग. बारकी माझ्याकडे बघून म्हणाली, "मास्तरांना रेड ऑक्साईड कुठून माहीत?"

मी म्हटलं, अगं बनवलेला पेशंट आहे, काहीतरी लिहिलं. ती म्हणाली की तुझे बनवलेले पेशंट मंगळवारी डॉक्टरकडे जातात, हा मास्तर अकरा आठवडे कोणालाच का सांगत नाही? मी गन पुसायला लागलो. तेव्हा तिचा आवाज चढला. "मग सांगितलं का नाहीस? इतके दिवस गप्प का बसलास? मी मेले होते का?"

भिंतीवर काट मारलेला प्रश्न तिने मला विचारला. आणि खरं सांगतो, तो कागद अगदी बरोबर आहे. इतका बोलका माणूस मी, पण त्या वेळी मला कॉम्प्रेसर चालू करून उरलेलं दार पुरं करायचं होतं, बाकी काही नको होतं.

तिच्याही ते लक्षात आलं. ती बाहेर गेली. नळावर तोंड धुतल्याचा आवाज मला ऐकू आला. परत आली, रंगाचा रिकामा डबा पायाने सरकवत माझ्या शेजारी आणला आणि त्यावर बसली. माझ्याकडे बघत नव्हती. दोघंही त्या अर्ध्या रंगवलेल्या दाराकडे बघत होतो. फॉर्म तिने पिशवीत घातला होता.

मग तिने विचारलं, "त्या दिवशी कोणतं कपाट चालू होतं?"

आणि मी सगळं सांगितलं. लायब्ररीची राखाडी कपाटं चालू होती, सहा नग. सकाळी मोरीत गेलो आणि बघितलं. दुखलं नाही, जळजळ नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी स्वच्छ. पंधरा दिवसांनी परत एकदा, मग परत. कळत नव्हतं म्हणून गप्प बसलो असं नाही. उलट तिचे फॉर्म भरून भरून मला चांगलं कळत होतं की न दुखता असा रंग येणं म्हणजे तपासून घ्यायची गोष्ट आहे. कळत होतं म्हणूनच पाचावर धारण बसली होती. आणि एवढी वर्षं एक दिवस खाडा न करणारा माणूस मी, ते सगळ्या बाजाराला सांगत फिरलेलो. आता जाऊन काय सांगणार होतो?

शेवटी बारकीने माझंच बोलणं मला माझ्याच शब्दांत परत ऐकवलं, पेशंटला ऐकवते तसं, आणि विचारलं, "बरोबर ना?" मी मान हलवली. "उद्या आठ वाजता," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी आमच्या हिला सांगितलं. तिने रडून घेतलं, आणि मग म्हणाली, "लग्नाला तेवीस वर्षं झाली. मला सांगायला छापील फॉर्म नव्हता म्हणून राहिलं का?"

पुढे लघवी तपासली, सोनोग्राफी झाली. पिशवीत बोराएवढं काहीतरी होतं. भूल देऊन दुर्बीण घातली आणि त्यातूनच ते खरवडून काढलं, आणि तुकडा तपासायला लॅबमध्ये गेला. रिपोर्टला आठ दिवस लागणार होते.

ते आठ दिवस मला नाही, बारकीला सोसवत नव्हते. दुसऱ्यांच्या रिपोर्टच्या वेळी शेजारी बसणारी माझी बहीण, तिला घास जाईना. कामावर दोन फॉर्मांवर एकच नंबर टाकला म्हणून बाईंनीच तिला दोन दिवस घरी पाठवलं. तर ती माझ्याकडे आली आणि माझी शेडकार्डं लावत बसली, फिक्यापासून गडदापर्यंत. मला त्यात एकही सापडेना नंतर. मी तिला म्हटलं, अगं मी ठणठणीत आहे, तू घाबरू नकोस. ती म्हणाली, "दादा, हे तू मास्तरांना सांग."

रिपोर्टच्या दिवशी मी, आमची ही आणि बारकी असे तिघं गेलो. डॉक्टर कागद वाचायला लागले तशी बारकी उठून खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे. पण पिशवीच्या आतल्या अस्तरापुरताच आहे, स्नायूपर्यंत गेलेला नाही, आणि दिसत होता तेवढा सगळा काढला आहे. आता दर तीन महिन्यांनी दुर्बिणीतून बघत राहायचं.

मला पहिला शब्द ऐकल्यावर पुढचं नीट शिरलंच नाही. मी विचारलं, "पत्र्यात उतरला नाही ना?"

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. खिडकीकडून बारकी म्हणाली, "नाही दादा. गंज वरच्या कोटातच होता. घासून काढलाय. पत्रा शाबूत आहे." आणि हे सांगून झाल्यावर मग रडली. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. घरी जाताना आमची ही रस्ताभर बोलत होती, अकरा आठवड्यांचं सगळं एकदमच. मी ऐकून घेतलं. बरं वाटत होतं ऐकायला.

सिगारेट सुटली. फडक्याच्या जागी आता नीट मास्क आहे, हातमोजे आहेत. डॉक्टरांनी रंगाचा आणि धुराचा दोन्हीचा विषय काढला होता, त्यात मला वाद घालायला जागा नव्हती.

मग मी बारकीला म्हटलं, आता मी खराखुरा पेशंट आहे, तर माझा फॉर्म संशोधनात घे. मास्तरांचा आहेच भरलेला. ती म्हणाली, बाहेर भरून आणलेला चालत नाही, आणि बहिणीने भावाची मुलाखत घ्यायची नाही असा नियम आहे. तिच्याच खोलीतल्या एका जाड चष्म्याच्या गृहस्थांनी माझी मुलाखत घेतली. तेही बाजूला बसले, त्यांनीही आधी पेन काढलं नाही. सगळं बारकीचं शिकवलेलं. त्यांनी विचारलं, पहिल्यांदा कोणाला सांगितलंत?

बायकोला म्हणावं असं फार मनात आलं. तिकडे कोण बघायला येणार होतं? पण मी खरं ते सांगितलं. अकरा आठवडे कोणालाच नाही. आणि मग एका फॉर्मला, तेही दुसऱ्याच्या नावाने. त्यांनी मान वर केली नाही. जसं बोललो तसं लिहून घेतलं.

आणि आता मुद्द्याचं. त्या फॉर्ममध्ये चौदा नंबरला पूर्वीचे चौकोन राहिलेले नाहीत. तिथे आता छापलंय, "रंग कसा होता? तुमच्या रोजच्या कामातल्या कशासारखा?" बाईंनी स्वतः बदलला. चौकोनात खूण न करता नुसतेच बसणारे पेशंट याला भडाभडा उत्तर देतात म्हणे. एका न्हाव्याने सांगितलं, दाढी करताना कापलं आणि तुरटी फिरवून ब्रश धुतला की वाटीतलं पाणी होतं तसं. धोब्याने सांगितलं, नवीन लाल कापडाच्या दुसऱ्या पाण्यासारखं. हा प्रश्न कोणाचा आहे, हे फॉर्मवर कुठे लिहिलेलं नाही. म्हणून मी इथे लिहून ठेवतोय.

परवा माझी चौथी दुर्बीण झाली. आत सगळं स्वच्छ. रविवारी बारकी जेवायला आली तेव्हा पिशवीतून आतड्याचा नवा फॉर्म निघाला. मी पेन घेतलं आणि म्हटलं, या वेळी जहाजाचा कप्तान होतो.

"हो की," ती म्हणाली. "पण कप्तानाने थिनरचं नाव काढलं, तर मी परत येऊन कॉम्प्रेसर बंद करीन."