साखर बघायची राहिली

अतिदक्षता विभागातल्या मोठ्या डॉक्टरांना आपल्या ज्ञानाचा भारी अभिमान. यकृत अचानक निकामी झालेल्या एक शिक्षिका सकाळी हाकेला ओ देईनात, तेव्हा मेंदूला सूज आलीय म्हणत डॉक्टरांनी शिकाऊ डॉक्टरांपुढे व्याख्यान झोडलं.

तेवढ्यात सिस्टरनं बाईंच्या बोटाला सुई टोचली. "सर, साखर बत्तीसवर आलीय!"

यकृत बंद पडलं की साखर घसरते, हे डॉक्टरांनीच भिंतीवर लिहून लावलं होतं. शिरेतून ग्लुकोज गेलं, तसे बाईंनी डोळे उघडले.

"कोण एवढं बडबडत होतं?"

"मीच तो दीडशहाणा," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "तुम्हाला वाचवलं यांनी."

पुढे आठवडाभर ते सिस्टरला विचारूनच तोंड उघडत. नवव्या दिवशी बाई साध्या वॉर्डात गेल्या.