उलटवून पाहणाऱ्या बाई

अदिती, रोहन, मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुला इंग्रजी कोणी शिकवलं?" मी शाळेचं नाव सांगितलं. ते उत्तर अर्धं होतं. काल पेटी आवरताना उरलेलं अर्धं हाती लागलं, म्हणून आजच लिहायला बसले. मला त्या शाळेपर्यंत पोचवलं एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी. त्यांना स्वतःला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं.

त्या तोंडात टाचण्या धरून बोलायच्या. कोणी कपडा पुढे केला की आधी तो उलटा करायचा, उजेडात धरायचा आणि ओठांच्या कोपऱ्यातून म्हणायचं, "थांबा. पयले उलटवून पाहू." कपड्यापुरतंच नव्हे. अमक्याची सून उर्मट आहे असं कोणी सांगितलं, तरी तेच. "पयले उलटवून पाहू." बहुधा सासूच उर्मट निघायची.

गडचिरोलीकडच्या जंगलातलं आमचं गाव. वडील तिथे गुरुजी होते. चौथीपुढे शिकायचं तर चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, आत्याकडे राहून. पण मुलीला चौथी पुरे, असं वडिलांनी ठरवलं होतं. दिवाळीआधी आई निळं कापड आणि मला घेऊन बाईंकडे गेली.

"दोन चोळ्या शिवा. उन्हाळ्यात हिला लुगडं नेसवायचं."

बाईंनी कापडाऐवजी मलाच फिरवून पाहिलं. "काय व पोरी, तुले काय पाह्यजे?"

"परकर. चांद्याच्या शाळेत घालायला."

त्यांनी कापडाची घडी मशीनखाली सारली. "कात्रीले धार नाई, बाई. मंडई होऊ द्या."

मंडई म्हणजे दिवाळीनंतरची आमच्याकडची जत्रा. त्या वर्षी मंडईच्या दुपारी वडिलांनी लिहिलेलं नाटक होतं. नायिका पुस्तकं वाचून शेफारते आणि शेवटी पुस्तक चुलीत टाकून नवऱ्याच्या पाया पडते. नायिका होता गावचा लोहार, मिशा काढलेला. बायकांनी मंचावर जायचं नव्हतं; लोहाराला लुगडं नेसवायला मात्र बाई लागत. त्याला वाचता येत नव्हतं आणि पाठ काहीच राहत नव्हतं. पडद्यामागून जे ऐकू येई ते तो जोरात म्हणे.

नेमकी त्याच दिवशी पडद्यामागून वाचणाऱ्याला हिवतापानं हुडहुडी भरली. गावातले वाचता येणारे बाकीचे तोंडाला रंग लावून बसले होते.

"मले येते वाचता," बाई म्हणाल्या.

"पडद्यामागं बाई चालते का?" पाटील विचारात पडले. मग म्हणाले, "दिसत तर नाई. चालते."

शेवट आला. लोहारानं पुस्तक चुलीवर धरलं. पडद्यामागचा आवाज यायला जरा उशीर झाला. मग जे कानावर पडलं ते तो गरजला, "पाया कशी पडू जी? हातात पुस्तक हाये!"

नवरा आशीर्वादाचा हात उचलून तसाच उभा. त्याचीही भिस्त पडद्यावरच. त्यानं कान दिला आणि म्हणाला, "मंग बस. वाचून दाखव. मी ऐकून राह्यलो."

बायकांच्या बाजूनं हशा उसळला, मग टाळ्या. "वन्स मोअर!" लोहारानं तीनदा पाया पडायचं नाकारलं. तिसऱ्यांदा तर लुगड्याचा पदर खोचून.

वडील तरातरा पडद्यामागे गेले. मी त्यांच्या मागे. "माझा शेवट कोणी बदलला?"

"मी, गुरुजी," टाचण्या तोंडात तशाच ठेवून बाई म्हणाल्या. "उलटवून पाह्यला. आतून असा दिसला."

वडील काही बोलणार तोच पाटलांनी त्यांच्या गळ्यात हार घातला. "गुरुजी, काय शेवट लिवला जी!" वडिलांना आयुष्यातला पहिला वन्स मोअर मिळाला होता. त्यांनी टोपी नीट केली आणि हार ठेवून घेतला.

तो त्यांना चांगलाच भोवला. दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर, दुकानात बायका विचारू लागल्या, "गुरुजी, पोरीले चांद्याले कधी पाठवून राह्यले?" असा शेवट लिहिणारा माणूस नाही कसा म्हणणार? आठवडाभर त्यांनी टाळलं. मग एका सकाळी बाईंच्या ओसरीसमोरच पुटपुटले, "उन्हाळ्यानंतर."

बाईंनी तिथल्या तिथे कापड काढलं आणि कात्री चालवली. धार उत्तम होती.

परकराच्या खाली त्यांनी रुंद दुमड ठेवली. "वाढशील तशी उसवजो," म्हणाल्या.

मी मॅट्रिक होऊन परतले तेव्हा त्या ओसरीवर दुसरं कोणी राहत होतं. बाई लेकीकडे गेल्या आणि तिकडेच वारल्या, एवढंच कळलं.

परकर माझ्या पेटीत आहे. निळा रंग उडाला आहे. दुमड उसवल्याच्या तीन रेषा खाली अजून स्पष्ट दिसतात.