भिंगरीचा डबा

लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून आजोबांनी तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली. ते नाव असं चिकटलं की सासरच्यांनीही तेच उचललं. पन्नाशी उलटली तरी ती भिंगरीच राहिली. तिचा धंदा सोफे, गाड्यांच्या सीटा आणि पडदे शिवण्याचा. दुकानात रेक्झिनचे गठ्ठे, फोमच्या लाद्या, एक अवजड काळं शिवणयंत्र आणि मागे मोकळं अंगण. नवरा ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा. अर्ध्या गावाला त्यानं क्लच-ब्रेक शिकवलेला, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. मूलबाळ नव्हतं. जरा सवड मिळाली की दोघं जुनी जीप काढून निघायची आणि रात्र होईल तिथे मुक्काम करायची.

मग भिंगरीच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले.

डॉक्टरांनी पोटाचं डायलिसिस सुचवलं. बेंबीखाली एक बारीक नळी कायमची बसवायची. दिवसातून चार वेळा औषधी पाण्याची पिशवी वर टांगून ते पाणी पोटात सोडायचं, पण त्याआधी पोटातलं जुनं पाणी खाली ठेवलेल्या रिकाम्या पिशवीत काढून टाकायचं. हे सगळं घरच्या घरी. काम अवघड नव्हतं, पण त्यात एक कण धूळ चालत नव्हती. पंखा बंद, खिडक्या बंद, तोंडाला मास्क, हात साबणानं घासघासून धुतलेले. जंतू आत शिरला तर जिवावर बेतायचं.

"म्हणजे आता तुझं फिरणं संपलं," थोरली नणंद म्हणाली. भिंगरी तिला वन्सं म्हणायची. वन्संनी ते वाईट मनानं म्हटलं नव्हतं. पण भिंगरीला ते असं झोंबलं, की जणू कुणी तिच्या तोंडावर दार लावून घेतलं.

शिकवणाऱ्या सिस्टर कडक होत्या. एका पायरीला चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून करायला लावायच्या. शेवटच्या दिवशी भिंगरीनं त्यांना विचारलं, "सिस्टर, स्वच्छ, बंद खोली पाहिजे ना? ती खोली घरातच असली पाहिजे असं काही आहे का?"

"खोली खोलीसारखी असली पाहिजे," सिस्टर म्हणाल्या. "पण असं का विचारताय?"

"नुसतंच," भिंगरी म्हणाली. घरी येताना तिनं मास्तरला जीप गावाबाहेर वळवायला लावली.

गावाबाहेरच्या रोपवाटिकेमागे एक छोटी कॅरव्हॅन पडून होती, जीपला जोडून ओढायची, दोन चाकांवरची खोलीच. आत कोंबड्यांनी संसार थाटला होता. मालकाला ती कधी एकदा उचलली जाते असं झालेलं. मास्तरनं आत डोकावून नाक मुरडलं. "अगं, हा डबा आहे डबा! यात कोंबडीसुद्धा नाइलाजानं राहतेय."

"मग कोंबड्यांना मोकळं करू या," भिंगरी म्हणाली.

डबा दुकानामागच्या अंगणात आला. जमिनीचं प्लायवूड ओलीनं इतकं कुजलं होतं की बोट दाबलं तर आत जायचं. तिनं ते मुळासकट उपटलं. छताच्या सांध्यांतून पाणी गळत होतं. मास्तर शिडीवर चढून जुनं सिलिकॉन खरवडायचा आणि ती खालून ओरडायची, "तो कोपरा राहिला! अहो, तो नव्हे, तुमच्या ढोपराजवळचा!" चाकांतली बेअरिंग काढून, रॉकेलनं धुऊन, नवं ग्रीस भरून पुन्हा बसवली. जन्मभर लोकांच्या गाड्यांना पडदे शिवून दिलेल्या बाईनं आपल्या डब्यात एकही कापडी पडदा लावला नाही, कारण कापड धूळ धरतं. खिडक्यांना पांढऱ्या रेक्झिनच्या गुंडाळपट्ट्या लावल्या, ओल्या फडक्यानं पुसता येतील अशा. हात धुवायला पायानं दाबायचा पंप बसवला, म्हणजे नळाला हात लावायला नको. पिशवी टांगायला पलंगाच्या वर छताला एक स्टीलचा हुक ठोकला. तो पक्का आहे की नाही हे बघायला मास्तर स्वतः त्याला लोंबकळला. हुक टिकला, मास्तरची पाठ मात्र धरली.

मग तिनं सिस्टरना बोलावलं. त्या आल्या, चपला बाहेर काढल्या आणि खिडकीच्या खाचेतून बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"नापास."

"पुसते की."

"पुसून पुन्हा होणार. ही खाचच बुजवा."

भिंगरीनं खाच बुजवली. दुसऱ्या खेपेला सिस्टरना पलंगाखाली धूळ धरणारा पुठ्ठ्याचा खोका सापडला, तिसऱ्या खेपेला काहीच सापडलं नाही. त्या पलंगावर टेकल्या, हुकाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "माझ्या वॉर्डातल्या खोल्या एवढ्या स्वच्छ असत्या तर बरं झालं असतं. जा. पण ताप आला, पोट दुखलं किंवा निघालेलं पाणी गढूळ दिसलं, तर असाल तिथून मागे फिरायचं."

डॉक्टरांनीही मान डोलावली, पहिल्या खेपेला जवळपासच राहायचं या अटीवर.

आता प्रश्न मास्तरचा होता. सरळ रस्त्यावर डबा गोगलगाईच्या पाठीवरच्या घरासारखा निमूट मागे यायचा. पण रिव्हर्स घ्यायला गेलं की स्टेअरिंग उजवीकडे फिरवावं तर तो डावीकडे पळायचा, आणि सावरायच्या आत जीपशी काटकोन करून उभा राहायचा. भर दुपारी, गल्लीच्या तोंडाशी, मास्तरची तीच गत झाली. गच्च्यांवर त्याचे जुने विद्यार्थी उभे. एकानं वरून आवाज दिला, "मास्तर, आरशात बघा!" हे मास्तरचंच आवडतं वाक्य होतं. तो लालेलाल झाला.

नंतर ती दोघं रिकाम्या बाजार-मैदानावर जाऊन सराव करायची. हात स्टेअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा आणि डब्याची शेपूट जिकडे न्यायची तिकडे हात सरकवायचा, एवढी एक गोष्ट कळली आणि गाडी वठणीवर आली. मास्तरला जमलं, भिंगरीला जास्त चांगलं जमलं. तिला अंगणात डबा एका झटक्यात आत घालताना पाहून तो म्हणाला, "माझं शिकवणं बरं दिसतंय."

"तुमचं शिकवणं विसरायलाच चार दिवस गेले," ती म्हणाली.

पहिल्यांदा दोघं धरणाकाठी गेली. खाली चाकांना दगड, चार कोपऱ्यांना जॅक, आत हुकाला पिशवी. खिडक्या बंद असल्यानं वारा येत नव्हता, पण काचेतून समोर पाणीच पाणी दिसत होतं. पोटातलं पाणी खाली उतरत होतं आणि ती बाहेर बगळे बघत होती. घरी त्या अर्ध्या तासात ती भिंतीवरच्या पोपड्यांकडे बघत बसायची. बाहेर आल्यावर तिनं मास्तरच्या पाठीत एक धपाटा घातला. तो विचारायला लागला, "अगं, का?" तर म्हणाली, "उगीच. आनंद झाला म्हणून."

त्या वर्षी त्यांनी बरंच फिरून घेतलं. त्यानंतर एका थंडीत, घरीच असताना, भिंगरीच्या पोटात कळ उठली. पिशवीत उतरलेलं पाणी तांदूळ धुतल्यासारखं पांढरट होतं. अंगात हुडहुडी भरली. हॉस्पिटलात ती बरेच दिवस होती आणि त्यातले काही दिवस तिला आठवतसुद्धा नाहीत. जंतू कुठून आला हे डॉक्टरांना सांगता येईना. घरातून आला असेल, डब्यातून आला असेल, कुठूनही.

वन्सं मात्र ठाम होत्या. डब्यातूनच.

बरी होऊन भिंगरी घरी आली त्याच आठवड्यात तिला मागच्या अंगणात आवाज ऐकू आले. भिंत धरत धरत ती दारात गेली. एक अनोळखी गृहस्थ मोजपट्टी लावून डब्याची लांबी घेत होता. शेजारी वन्सं आणि थोड्या अंतरावर, जमिनीकडे बघत, मास्तर.

"कोण हे?"

"रसाचं दुकान काढायचंय त्यांना," वन्सं म्हणाल्या. "मीच बोलावलंय. एका बाजूची भिंत कापली की छान काउंटर होतो."

"भिंत कापणार?" भिंगरी पायरीपाशी आली. दम लागला होता, तरी ती वर चढली आणि डब्याच्या दारात बसली. "मग आधी माझं माप घ्या. मी यातून हलणार नाही, तेव्हा मलाही कापावं लागेल."

गृहस्थाच्या हातातली मोजपट्टी खटकन गुंडाळली गेली.

"वेडेपणा पुरे!" वन्संचा आवाज चढला. "तू तापात बरळत होतीस तेव्हा तुझ्या उशाशी मी बसले होते. तू नव्हतीस तिथे. मी बघितलंय तुला मरायला टेकलेलं!"

वन्संचे डोळे भरलेले भिंगरीला दिसले. पण ती उठली नाही.

"तुमचे उपकार मी विसरणार नाही, वन्सं. पण दुखणं आलं तेव्हा मी घरात होते. आपल्या त्याच खोलीत. मग घर का नाही विकायला काढलंत?"

भिंगरीनं मास्तरकडे मान वळवली. "आणि तुम्ही? तुम्हाला ठाऊक होतं?"

मास्तरनं मान डोलावली. "हो म्हणालो मी तिला. मला भीती वाटते गं."

वन्संचं बोलणं तिला लागलं नव्हतं, एवढं हे लागलं.

"भीती मलाही वाटते," ती म्हणाली. "रोज चार वेळा वाटते, नळीचं झाकण काढताना. पण त्या भीतीपायी मी डबा विकणार नाही. तुम्हाला यायचं नसेल तर नका येऊ. रिव्हर्स मला येतो."

मास्तर पुढे आला. त्यानं त्या गृहस्थाला हात जोडले आणि फाटकापर्यंत पोचवून आला. वन्सं पदर खोचून तरातरा निघून गेल्या, चहासुद्धा न घेता.

भिंगरीनं मग सिस्टरना फोन केला आणि स्वतःहून सांगितलं, मला पहिल्यापासून शिकवा. नवख्या पेशंटबरोबर बसून ती पुन्हा हात धुवायला शिकली. सिस्टरनी तिला एका दिवसात तीनदा नापास केलं, तिन्ही वेळा तिनं पुन्हा साबण उचलला. अंगात ताकद आली तसं डब्याचं दार उघडून सगळं घासून काढलं आणि चाकं खोलून पुन्हा ग्रीस भरलं. डॉक्टर म्हणाले, पोटाचं हे अस्तर काही जन्मभर साथ देत नाही, पुढेमागे हॉस्पिटलातल्या मशीनवर जावं लागेल. किडनीसाठी नाव घातलं होतं, पण ती रांग लांबलचक होती. "म्हणजे जायचं असेल तर आत्ताच," तिनं त्यातून अर्थ काढला. डॉक्टर हसले आणि नाही म्हणाले नाहीत.

उन्हाळ्याच्या तोंडाशी दोघं डोंगरातल्या तळ्याकडे निघाली. तिथल्या कॅम्पवर गाड्यांसाठी आखलेल्या जागा होत्या. शेजारी एक मोठी, चकचकीत कॅरव्हॅन. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅम्पचा मॅनेजर हात चोळत आला. "म्हणजे, शेजाऱ्यांची तक्रार आहे. काचेतून पिशव्या, नळ्या दिसतात म्हणे. त्यांच्याकडे लहान मुलं आहेत. तुम्ही जरा तिकडे, कचराकुंडीपलीकडे गेलात तर…"

मास्तर जीपची किल्ली शोधायला लागला. भिंगरीनं त्याच्या हातावर हात ठेवला.

"त्यांना सांगा, हा आजार बघून लागत नाही. आणि कुंडीजवळ माशा असतात, मला माशा चालत नाहीत. त्यांना चालत असतील तर ते जाऊ देत."

मॅनेजर गेला. दुपारची वेळ झाली तशी ती आत गेली, हात धुतले, मास्क बांधला. खिडकीची पट्टी खाली ओढायला हात गेला आणि थबकला. तळं समोरच होतं, उन्हानं नुसतं लखलखत होतं. तिनं पट्टी होती तशीच वर राहू दिली आणि पिशवी हुकाला अडकवली.

शेजारची मुलं त्यांच्या पायरीवर येऊन बघत उभी राहिली. आईनं त्यांना एकदा आत ओढलं, तरी मुलं पुन्हा बाहेर आली. त्यांतल्या धाकटीनं हात हलवला. भिंगरीचे दोन्ही हात नळीत गुंतले होते, म्हणून तिनं पाय वर करून हलवला. पोरगी खदखदून हसली.

संध्याकाळी मास्तरनं नकाशा जीपच्या बॉनेटवर पसरला. परतीचा रस्ता डावीकडे जात होता. उजवीकडे खिंड होती, नागमोडी चढाची, आणि खिंडीपलीकडे समुद्र.

"पिशव्या पुरतील?" त्यानं विचारलं.

"खिंडीपलीकडच्या गावी मागवून ठेवल्यात," ती म्हणाली.

"कधी?"

"घरून निघायच्या आधी."

मास्तरनं तिच्याकडे बघितलं, मग चढाकडे बघितलं. "एवढ्या वळणांवर डबा मीच ओढणार," तो म्हणाला. भिंगरीनं पुढे होऊन जीपचं दार उघडलं आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली.