आभाराचे हात

व्हर्ल जेवला असेल का, हा प्रश्न आर्डा जोर्गेन्सनच्या मनातून काही केल्या जाईना. बेचाळिशी ओलांडलेला मुलगा, टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात कामाला, स्वतःचं स्वतः रांधून खाणारा. तरी सोमवारची संध्याकाळ झाली की तिचा जीव थाऱ्यावर राहत नसे. सोमवारी सॅनपीट खोऱ्यात चर्चच्या रिवाजानं प्रत्येक घर आपली माणसं जवळ घेऊन बसतं. प्रार्थना, गाणं, एखादा खेळ, शेवटी काहीतरी गोड. त्या वेळी कुणी कुणाच्या दारी जात नाही की फोन करत नाही. नवरा एल्वुड वारल्यापासून आर्डाच्या घरी ही संध्याकाळ मायलेकांचीच होती. अलीकडे व्हर्ल तीही चुकवू लागला होता.

त्याचं लग्न झालं नाही. लेकुरवाळ्यांनी भरलेल्या चर्चमध्ये एकटा पुरुष म्हणजे जोडी हरवलेला मोजा. टाकवत नाही आणि घालताही येत नाही. पण त्याच्याकडे चर्चच्या इमारतीच्या किल्ल्या होत्या. रविवारी उजाडायच्या आत जाऊन तो बर्फ ओढायचा, हीटर लावायचा, खुर्च्या मांडायचा. आठवडाभर त्याचा फोन वाजत राहायचा. "व्हर्ल, स्वयंपाकघर उघडून दे रे, मयताचं जेवण आहे." "व्हर्ल, पियानोच्या खोलीला कुलूप कुणी घातलं?" शेजारची झेल्डा चिडवायची, "याला कोण मुलगी देणार? याचा संसार कुलपाशी!" व्हर्ल हसायचा आणि जेवणातले उरलेले चीजचे बटाटे डब्यात भरून घ्यायचा.

मग बिशप बदलला. नवा बिशप ऑस्लर तरुण, दातांचा डॉक्टर. आठवडाभर दात उपटायचे आणि रविवारी बिनपगारी कळप सांभाळायचा. त्यानं व्यासपीठावरून सांगितलं, "ब्रदर व्हर्ल जोर्गेन्सन यांना जबाबदारीतून मुक्त केलं आहे. ज्यांना आभार मानायचे असतील त्यांनी हात वर करावा."

सगळे हात वर गेले. आर्डाचाही गेला. जन्मभराची सवय, नाव कानावर पडायच्या आत हात खांद्याच्या वर असतो. शेजारी बसलेल्या व्हर्लनं आईच्या हाताकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. किल्ल्या चार मुलांच्या एका बापाकडे गेल्या.

गंमत म्हणजे तासाभरानं तीच आर्डा रविवारच्या वर्गात चर्चच्या सुरुवातीच्या दिवसांचा धडा शिकवत होती. न्यूयॉर्कमधल्या एका लाकडी घरात मूठभर माणसं जमली, तेव्हा पहिल्यांदा त्यांनाच विचारलं गेलं, या दोघांना पुढारी म्हणून मानता का? पुढे बिशप आले, बारा प्रेषित आले, पदांची उतरंड वाढत गेली. पण प्रत्येक नाव लोकांपुढे ठेवायची रीत टिकली. नौवू गावात तर चर्च स्थापणाऱ्या खुद्द संदेष्ट्याला आपला एक साहाय्यक नको होता आणि लोकांनी हात वर करून त्या साहाय्यकाला ठेवून घेतलं. "म्हणजे तेव्हा हाताला वजन होतं," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. आर्डाही हसली होती.

या गोष्टीला काही आठवडे झाले. आज सोमवार, दुपारी झेल्डा कुंपणाशी आली.

"आर्डा, रागावू नकोस. काल पहाटे तुझा व्हर्ल चर्चच्या आवारात गाडीत बसला होता. काचांवर बर्फ. मी काच ठोठावली, तर म्हणतो, सवयीनं आलो, झेल्डामावशी."

"मग?"

"मग नवा किल्लीवाला आला, त्यानं दार उघडलं. आणि तुझा लेक गाडी वळवून घरी गेला."

म्हणून काल प्रार्थनेला त्याची जागा रिकामी होती. आर्डानं त्याला फोन केला.

"आजारी आहेस का रे?"

"नाही गं आई. रविवारी झोपायला मिळतंय. चैन आहे."

"आज जेवायला ये. लिंबाची जेली केली आहे."

"बघतो."

त्याचं 'बघतो' तिला ठाऊक होतं. एल्वुडही आपल्या बापाच्या चर्चमधून असाच उठला होता. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं 'बघतो'. परत यायला त्याला वीस वर्षं लागली.

अंधार पडला. दोन ताटं तशीच राहिली, जेलीला पाणी सुटलं. समोरच्या घरातून मुलांचं बेसूर गाणं येत होतं. आर्डाला राहून राहून ती नजर आठवत होती. त्यानं आईच्या हाताकडे पाहिलं होतं, बिशपच्या नव्हे.

त्यांच्या चर्चमध्ये पद मागायचं नसतं. मिळालं तर नाकारायचं नसतं, काढलं तर का म्हणून विचारायचं नसतं. आणि आभाराला विरोध करायची तर रीतच नाही. आजवर आर्डानं यातलं काही मोडलं नव्हतं.

तिनं हात पुसले. ऑस्लर आता मुलांना मांडीवर घेऊन बसला असेल. सोमवारी फोन वाजला तर कुणीतरी मेलं असंच समजेल. समजू दे. किल्ल्या मागायच्या नव्हत्याच. त्याला फक्त सांगायचं होतं, बिशप, त्या दिवशी वर गेलेल्या हातांतला एक माझा होता, तो मी खाली घेते आहे. आता तुम्ही मला विचारा, का.

तिनं भिंतीवरचा रिसीव्हर उचलला.