उजव्या गालावरची मूठ

माझी लेक चार वर्षांची असताना, दिवाळीच्या आधी, स्वतःच्या गालावर मुठीनं मारायला लागली. बोलत नव्हतीच ती. स्वमग्नता आहे, असं हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंनी वर्षभरापूर्वी सांगितलं होतं. गर्दीत कान झाकणं, चिडली की मनगट चावणं, हे आमच्या अंगवळणी पडलं होतं. हे मारणं मात्र वेगळं होतं. एकच गाल, उजवा, लाल होईपर्यंत.

सेनगावजवळच्या आमच्या गावात तेव्हा सोयाबीनची मळणी चालू होती. घरासमोर यंत्र धडधडायचं. आम्हाला वाटलं, आवाजानंच होतंय. यंत्र गेलं, तरी मूठ थांबली नाही. भाकरीचा घास तोंडाजवळ नेला की ती ताट उडवायची. दुधात भिजवलेलं बिस्कीट तेवढं गिळायची. झोपही तुटली होती.

"काहून मारून राहिलं गं लेकरू?" सासूबाई विचारायच्या. "बाहेरचं काही असंल."

शेजारीण म्हणाली, पोटुशी असताना मी मोबाईल फार बघितला. मलाही कधीकधी तसंच वाटायचं.

एका दुपारी तिचा ओठ फुटला, रक्त आलं. मी जुन्या साडीच्या पट्ट्या फाडल्या आणि तिचे दोन्ही हात अंगाशी बांधले. कुणी सांगितलं नव्हतं, मीच बांधले. ती ओरडली नाही. सरपटत भिंतीपर्यंत गेली आणि डोकं आपटायला लागली. मी धावले, पण गाठ सुटेना. शेवटी विळ्यानं कापली. तिच्या दंडावर वळ उठले होते.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आणि मी तिला घेऊन हिंगोलीला गेलो. डॉक्टरीणबाईंनी वळ बघितले, रागावल्या नाहीत.

"ताई, ती कधी जास्त मारते?"

"जेवायच्या वेळेला."

"कुठं?"

"हितं, उजवीकडं."

"तिचं तोंड उघडून कुणी बघितलं?"

कुणीच बघितलं नव्हतं. ब्रश लावू देत नाही म्हणून मी महिनोन्महिने नादच सोडला होता. तिघांनी धरल्यावर तोंड उघडलं. मागची दाढ पोखरली होती, हिरडीत पू झाला होता.

बाई म्हणाल्या, "सगळंच मारणं दुखण्यामुळं नसतं. बोलता येत नाही, झोप होत नाही, आवाज सोसत नाही, कशानंही हात उठतो. पण आधी दुखणं शोधायचं."

बाहेर बाकावर तिचे वडील म्हणाले, "दोन महिने लेकरू सांगून राहिलं होतं. अन् आपून..."

दाढ काढली. आठ दिवसांत मूठ थांबली. महिन्याभरानं तिनं अर्धी भाकरी खाल्ली, तेव्हा सासूबाई चुलीपाशी बसून रडल्या.

मनगट चावणं गेलं नाही. आता ती सात वर्षांची आहे. शाळेनं दोनदा घरी पाठवलं. मनगटावरची कातडी जाड, काळी झालीय. ती चावायला लागली की मी आधी दात बघते, मग कान, मग पोट दाबून बघते. सापडलं तर औषध देते. पुष्कळदा काहीच सापडत नाही. मग तिच्या दातांखाली उशीचा कोपरा सरकवते आणि ती शांत होईपर्यंत शेजारी बसून राहते.