चाकं मोजणारे सावेकाका

लष्कराची मालगाडी डहाणू रोड स्टेशनातून जाते तेव्हा तिच्यावरच्या रणगाड्यांना ताडपत्री घातलेली असते. लोक नुसते माना उंचावून बघतात आणि गाडी गेली की आपापल्या कामाला लागतात. सावेकाका मात्र प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभे राहून ताडपत्रीखालून डोकावणारी चाकं मोजायचे. पाच असली आणि पहिल्या-दुसऱ्यात मोठी फट असली तर टी-५५. सहा असली तर टी-७२, नाहीतर त्याचा धाकटा भाऊ टी-९०. सात असली तर अर्जुन. ‘नळीकडे बघू नये. नळी सगळेच दाखवतात. चाकं मोजावीत,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, आणि ते समोरच्याने विचारलेलं नसलं तरी ऐकवलं जाई.

काका रेल्वेत सांधेवाला होते, म्हणजे गाडी ज्या रुळावर घ्यायची तो रूळ जोडून देणारा माणूस. राहायला सरावलीला. तरुणपणी फौजेच्या भरतीला गेले होते, छातीच्या मापात बसले नाहीत, परत येऊन रेल्वेला चिकटले. त्याबद्दल राग नव्हता. ‘फौजेने मला घेतलं नाही, पण फौज जाते माझ्याच सांध्यावरून,’ म्हणायचे. २०१९च्या दिवाळीआधी ते गेले. मला नोकरी कोणी शिकवली असं कुणी विचारलं तर मी आजही या सांधेवाल्याचं नाव घेते. लोक हसतात. हसोत बापडे.

मी डहाणूला आले ती २०१४ साली. नवा जिल्हा नुकताच झाला होता आणि आमच्या कचेरीत कोणाला कोणतं टेबल द्यायचं याची धांदल होती. शेतसंरक्षणाच्या बंदुकांच्या परवान्यांचं टेबल कोणालाच नको होतं, म्हणून ते घाटावरून आलेल्या नव्या कारकुनाला, म्हणजे मला, मिळालं. शस्त्र म्हटलं की मला दसऱ्याला पुजायची विळी आणि कात्री एवढंच आठवायचं. अशात एक दिवस काका रानशेतच्या लखमाला घेऊन आले. लखमा वारली शेतकरी, काकांच्याच वयाचा. लहानपणी तो सरावलीला मामाकडे राहत असे आणि चौथीपर्यंत दोघं एका बाकावर बसले होते. लखमाला सही येत होती, कचेरीतलं वाचता येत नव्हतं. म्हणून परवान्याच्या कामाला काका सोबत.

मी अर्जावर ‘शस्त्राचा प्रकार’ या रकान्यात ठसठशीत अक्षरात ‘रायफल’ लिहिलं. काकांनी चष्मा वर केला.

‘मॅडम, रायफलीच्या नळीत आतून आटे असतात. ही ठासणीची. तोंडातून दारू भरायची, गजाने ठासायची, मग उडवायची. हिच्या आवाजाने डुक्कर पळतं. मरतं क्वचित.’

‘काय फरक पडतो?’ मी म्हटलं. टेबलावर ढीग होता आणि जेवणाची सुट्टी जवळ आली होती.

‘तुम्हाला नाही पडत. उद्या कोणी लखमाला विचारलं की रायफल कुठे लपवलीस, तर त्याला पडतो.’

मी मुकाट्याने खोडून ‘ठासणीची बंदूक’ लिहिलं. मनात म्हटलं, हा म्हातारा डोकं खाणार. खाल्लं, पुढची पाच वर्षं.

मी मुकेशभाईंच्या औषधाच्या दुकानावरच्या खोलीत भाड्याने राहत होते. रविवारी सकाळी दुकान उघडण्याआधी खालच्या बाकड्यावर तिघं जमत: मुकेशभाई, सावेकाका आणि तलासरीहून मोटारसायकलवर येणारे एक निवृत्त रिसालदार, ज्यांना गावात सगळे सुभेदारच म्हणत. सुभेदारांनी चौदा वर्षं खरोखर रणगाड्यात बसून काढली होती. पहिल्या रविवारी मला वाटलं, खाली मारामारी जुंपली. धावत उतरले तर अर्जुन भारी की टी-९० हा वाद चाललेला.

‘अर्जुन आपला घरचा ने,’ मुकेशभाई म्हणत होते. ‘अने वजनदार केवढा.’

‘वजन काय चाटायचंय?’ सुभेदार. ‘एवढं धूड पुलावरून नेणार कसं? तुम्ही बसला आहात का कधी आत?’

‘दोघंही थांबा,’ काका म्हणाले. ‘लढायचंय कुठे ते सांगा. वाळवंटात, की कालव्यांच्या मुलखात? जागा न विचारता हत्यार चांगलं की वाईट ठरवतो तो दुकानदार.’

‘ते तर मी आहेच ने,’ मुकेशभाई म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

मी त्या बाकड्याची चौथी सभासद कधी झाले ते मलाच कळलं नाही. तिथली एक रीत होती. ज्याचं म्हणणं खोटं ठरेल त्याने एका शाळकरी वहीत आपल्या हाताने तीन ओळी लिहायच्या: मी काय बोललो, खरं काय निघालं, आणि मी का चुकलो. चहा पाजून सुटका नव्हती. चहा काय कोणीही पाजतो, असं काकांचं मत. तिसरी ओळ सगळ्यांना जड जाई. सुभेदार तर पेन घेऊन दहा-दहा मिनिटं बसायचे. वहीत सगळ्यांत जास्त पानं काकांचीच होती. त्यातली एक नोंद मला पाठ आहे: ‘सहा चाकं मोजून टी-७२ म्हणालो. ती बंद पडलेले रणगाडे ओढणारी गाडी निघाली, तिला तोफ नसतेच. चाकांच्या घमेंडीत वर बघितलं नाही.’

हत्यारांहूनही काकांना वेड लावलं होतं ते हत्यारांच्या कायद्याने. ‘वेवजीला एकाचं घर महाराष्ट्रात आणि गवताचा तुकडा गुजरातेत,’ ते सांगायचे. ‘आपल्या बाजूला मनाई आदेश लागला की त्याच्या कमरेचा कोयता शस्त्र. बांध ओलांडला की तोच कोयता औजार. आणि छऱ्याची एअरगन? ठराविक ताकदीपर्यंत तिला परवाना नको. लखमाची बंदूक भरून होईपर्यंत डुक्कर शेत खाऊन झोपायला जातं, तिला मात्र परवाना, पाहणी, नूतनीकरण, सगळं.’

‘काका, कायद्याला अक्कल विचारू नये,’ सुभेदार म्हणाले.

‘कायद्याला कुठे विचारतोय? कायदा लिहून ठेवणाऱ्याला विचारतोय,’ काका म्हणाले आणि माझ्याकडे बघून गालात हसले. मीही हसले. टेबल माझंच होतं ना.

पुढच्या वर्षी जुन्या जिल्ह्याच्या नोंदी नव्या रजिस्टरात उतरवायचं काम निघालं. प्रत्येक बंदूक समोर आणायची, नंबर बघून लिहायचा, नवं परवाना-पुस्तक द्यायचं, जुनं जमा करून वर पाठवायचं. काकांनी त्यासाठी दोन दिवस रजा टाकली आणि माझ्या शेजारी बसून नंबर वाचत गेले. मी लिहीत गेले. बंदुकीवर नंबर दोन ठिकाणी असतो, नळीवर ठोकलेला आणि लाकडी कुंद्यावर, म्हणजे खांद्याला टेकवायच्या दस्त्यावर, कोरलेला. नळ्या गंजून काळ्या पडलेल्या, कुंद्यावरचे आकडे स्वच्छ. आम्ही बऱ्याचदा कुंद्यावरचे घेतले, जुन्या पुस्तकाशी ताडून न बघता. काम लवकर उरकलं म्हणून साहेबांनी माझं कौतुकही केलं.

ते कौतुक चार वर्षांनी अंगाशी आलं. २०१९ची निवडणूक लागली आणि परवान्याच्या बंदुका पोलिसांकडे जमा करायचा हुकूम निघाला. लखमाने नेहमीसारखी फडक्यात गुंडाळून नेली. ठाण्यातल्या जमादारांनी आपलं काम चोख केलं. नळी रॉकेलने पुसली आणि तिच्यावरचा नंबर वाचला. तो परवान्यातल्या नंबराशी जुळेना. परवान्यातला नंबर ज्या बंदुकीचा होता तिची नळी कधीच फुटली होती आणि तिचा परवाना रद्द झाला होता. थोडक्यात, लखमाच्या हातातली बंदूक कोणाच्याच नावावर नव्हती. त्याला ठाण्यात बसवून ठेवलं आणि विनापरवाना हत्याराचा गुन्हा नोंदवायची तयारी सुरू झाली. तो एकच सांगत होता, ‘बाईनी लिवलंय, तेच हाय.’

दुपारी काका कचेरीत आले, लखमाच्या घरून होऊन. त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. लखमाच्या बंदुकीचा कुंदा वाळवीने खाल्ला होता. चुलतभावाच्या बंदुकीची नळी फुटली तेव्हा तिचा चांगला कुंदा घरात उरला, तो लखमाने आपल्या नळीला बसवला. आणि आम्ही नंबर घेतला तो त्या कुंद्यावरचा.

‘कुंदा बदलला हे त्याने तेव्हा सांगायला नको का?’ मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. अव्वल कारकुनांच्या बढतीची यादी त्याच महिन्यात निघणार होती आणि तिच्यात माझं नाव होतं.

‘का सांगेल? कुऱ्हाडीचा दांडा बदलला तर तो गावभर सांगत फिरतो का? त्याची कुऱ्हाड तीच राहते.’ काका खुर्चीवर बसले. ‘चूक त्याची नाही, मॅडम. नळीकडे बघायचं नाही, नळीकडे बघायचं नाही, असं जन्मभर बडबडलो, आणि जिथे नळीच बघायची तिथेही नाही बघितली.’

त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर त्यांच्या गोल अक्षरात जबाब होता: नंबर मी वाचला, चुकीचा वाचला, कारकूनबाईंनी मी सांगितलं तेच लिहिलं. खाली सही.

‘हा साहेबांना द्या. तुमचं नाव मध्ये येत नाही.’

मी खोटं सांगणार नाही. तो कागद वाचून मला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. म्हाताऱ्याची नोकरी संपलेली, त्याचं कोण काय वाकडं करणार, असाही विचार आला. काका उठून खिडकीशी गेले. त्यांनी मला एका शब्दाने टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं, मी भांडले असते. ते फक्त म्हणाले, ‘बंदूक उडाली की आवाज तरी होतो. कागद उडतो तेव्हा ज्याला लागतो त्यालाच कळतं.’

मी कोरा कागद ओढला. पहिल्या दोन ओळी पटकन झाल्या. तिसरीला, मी का चुकले या ओळीला, वेळ लागला. शेवटी जे होतं तेच लिहिलं: काम लवकर उरकावं म्हणून नळी साफ न करता सोपा नंबर घेतला.

साहेबांनी दोन्ही कागद वाचले आणि काकांचा बाजूला ठेवला. ‘बाहेरच्या माणसाच्या जबाबाचं मी काय करू? रजिस्टरावर सही कोणाची आहे?’

‘माझी,’ मी म्हटलं.

साहेबांनी ठाण्याला फोन लावला, जुन्या जिल्ह्याच्या कचेरीकडून मूळ नोंद मागवली. लखमा त्याच संध्याकाळी घरी गेला. मूळ नोंद आली तेव्हा तिच्यात नळीवरचाच नंबर होता आणि प्रकरण तिथेच मिटलं. मला लेखी ताकीद मिळाली आणि त्या वर्षीच्या यादीतून माझं नाव गळलं. मी दोन दिवस रडले. काका वाडीतले चिकू घेऊन आले, ‘अजून दोन दिवस पिकू द्या,’ म्हणाले आणि गेले. पुढच्या रविवारी बाकड्यावर सुभेदारांनी सरकून मला जागा दिली. एरवी ते कोणासाठी सरकत नसत.

निकालानंतर बंदुका परत मिळाल्या. लखमा आपली घेऊन घरी जायच्या आधी माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

‘बाय, आमच्या पाड्यात अजून बंदुका हायत. तू येऊन बघ.’

‘मी?’ मला कसंतरीच झालं. ‘अरे, माझ्यामुळे तर तू ठाण्यात बसलास.’

‘म्हणून तर,’ लखमा म्हणाला. ‘दुसरा येल, तो चुकला तर सांगल का?’

साहेबांची परवानगी काढून मी रजिस्टर घेऊन रानशेतला गेले. काका सोबत होते, पण अंगणात शिरताच त्यांनी जाहीर केलं की आज आपण बंदुकीला हात लावणार नाही आणि नंबरही वाचणार नाही. ते लांब आंब्याखाली लखमाजवळ जाऊन बसले. पाड्यातले आणि शेजारच्या पाड्यातले मिळून आठ जण आपापल्या बंदुका घेऊन रांगेत उभे राहिले. मी रॉकेलचं फडकं घेतलं, एकेक नळी पुसली, भिंग लावून आकडे वाचले, रजिस्टराशी ताडून पाहिले. हात काळे झाले, साडीला डाग पडले. सहा बरोबर निघाल्या.

सातवीचा नंबर जुळला नाही. आठवीचाही नाही. दोन्ही नोंदी माझ्याच हातच्या, सुबक, एकही खाडाखोड नसलेल्या. म्हणजे लखमा एकटा नव्हता. त्याच्यामागे आणखी दोघं उभे होते, फक्त त्यांची पाळी आली नव्हती. ते दोघं माझ्यासमोर हसत उभे होते. त्यांना काही कल्पना नव्हती. मी गप्प राहून दुरुस्ती केली असती तरी तिथे कोणाला समजलं नसतं.

मी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की या दोन नोंदी मी चुकवल्या आहेत, का चुकवल्या आहेत, आणि उद्या साहेबांना लेखी देऊन दुरुस्त करून घेणार आहे. बोलून झाल्यावर मी आंब्याकडे बघितलं. वाटलं, काका मान हलवतील, निदान नजरेला नजर तरी देतील. काका माझ्याकडे बघतच नव्हते. ते पाठमोरे होऊन लखमाशी यंदाच्या भाताबद्दल बोलत बसले होते. मी काय करीन ते वळून बघायची त्यांना गरजच वाटली नव्हती. एवढा विश्वास माझ्यावर त्याआधी कोणी टाकला नव्हता.